चारशे सतराची भेट

गल्लीत तिला सगळे पडदेवाली म्हणत. अर्ध्या गावाच्या खिडक्यांचे पडदे तिच्या हातचे, आणि स्वतःच्या खिडकीला मात्र खिळ्यांना अडकवलेली जुनी चादर. हात सफाईचा आणि जीभ तिखट. गिऱ्हाईक घासाघीस करू लागलं की म्हणायची, "मग उघडीच राहू द्या खिडकी, शेजाऱ्यांची करमणूक होईल."

नवरा लवकर गेला. एकुलता एक मुलगा फौजेत लागला तेव्हा तिनं आपल्या शिवणाच्या दुकानात मिरवून घेतलं. वर्ष पुरं व्हायच्या आत प्रशिक्षण केंद्रातून निरोप आला, जिन्यावरून पाय घसरून पडला, गेला. तिनं त्याचं अंग स्वतः पुसलं होतं, पाठ पाहिली होती. जिना काही पट्ट्यानं मारत नाही.

"चौकशी करा, पण बाहेरच्या माणसांकडून करा," एवढंच तिचं मागणं होतं. चौकशी झाली म्हणे! ज्यांच्या हाताखाली पोर मेलं तेच बसले आणि स्वतःला निर्दोष ठरवून चहा पिऊन उठले. निर्लज्जपणाला काही सीमा?

"वहिनी, सोडून द्या आता. मोठ्या लोकांशी वाकडं नको," दीर म्हणाला.

"भावोजी, आता माझं आणखी काय वाकडं व्हायचं राहिलंय?"

केंद्राचं फाटक बाहेरच्यांना फक्त भेटीच्या रविवारी उघडायचं. दर रविवारी ती तिथं अर्ज घेऊन जायची, पहारेकरी तो घ्यायचा आणि तिला वाटेला लावायचा. त्या रविवारी फाटकाच्या खिडकीत नवा पहारेकरी होता. त्यानं मान वर न करताच विचारलं, "नंबर?" मुलगा होता तेव्हा दर भेटीला हाच प्रश्न, हेच उत्तर. तोंड तिच्याआधी बोलून गेलं, "चारशे सतरा."

"चारशे सतरा, भेट!" पहारेकरी आत तोंड करून ओरडला. ती हाक मैदानात दुसऱ्यानं उचलली, मग तिसऱ्यानं, आणि ती लांब जात इमारतींमागे नाहीशी झाली. तिनं म्हणायला हवं होतं, अहो, तो गेला. पण ती हाकेमागे कान लावून तशीच उभी राहिली.

मग इमारतींमागून आवाज आला, "आलो!"

पहारेकऱ्यानं तिला आत सोडलं. भेटीच्या पत्र्याच्या छपराखाली बाकांवर इतर आईबाप आपापल्या मुलांशी बोलत बसले होते. ती कोपऱ्यातल्या बाकावर कशीबशी टेकली. बुटांचा आवाज जवळ आला. समोर एक किडकिडीत पोरगा उभा राहिला. चेहरा अनोळखी, छातीवर आकडा तोच. फौजेत माणूस जातो, आकडा पुढच्याच्या छातीवर जातो. हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

"आई!" तो पहारेकऱ्याला ऐकू जाईल असं म्हणाला आणि शेजारी बसला. तिला त्याचा रागच आला. हा शब्द याच्या तोंडून कशाला?

"हळू बोला, मावशी," तो पुटपुटला. "मला भेटायला येईल असं कुणीच नाही. हाक ऐकली तेव्हाच कळलं, तुम्ही असणार."

"तू ओळखायचास त्याला?"

"नाही. तो गेल्यावर आलो. त्याचा नंबर मिळाला, खाट मिळाली." त्यानं मान जराशी वळवली. कानामागे काळंनिळं झालं होतं. "वरचे लोक मागच्या कोठीत नेतात. तिथं मला माझ्या नावानं हाक मारत नाहीत, त्याच्या मारतात. 'परत आलास का रे?' म्हणतात. आधी मी नाही म्हणायचो. आता हो म्हणतो. हो म्हटलं की लवकर सोडतात."

खरं सांगायचं तर तिच्या मनात पहिलं आलं ते हेच, की साक्षीदार सापडला! लगेच तिची तिलाच लाज वाटली.

"बाहेरच्या माणसांपुढे सांगशील हे?"

"सांगेन की. पण तुमच्याशी बोलताना बघितलंय त्यांनी. आज आत गेलो तर..."

शिट्टी वाजली. मुलं उठली, आयांनी डोळे पुसले. तो उठायला लागला तसं तिनं त्याचं मनगट धरलं. एवढ्या उन्हात ते गारठलेलं होतं. तिनं पकड घट्ट केली.

पहारेकरी आधी गोडीत बोलला, मग आवाज चढवला, शेवटी साहेबाला घेऊन आला. साहेबानं तिला ओळखलं.

"बाई, हात सोडा त्याचा."

"का सोडू? चारशे सतरा माझा मुलगा आहे. तुमच्याच माणसानं हाक मारून आणून दिलाय."

"तमाशा पुरे! तुमचा मुलगा मेलाय!"

"कसा?" तिनं विचारलं.

निघालेले आईबाप वळून पाहू लागले. "जिन्यावरून..." साहेबाची नजर बाकांवरून फिरली.

"मी सांगतो," पोरगा म्हणाला. आवाज कापत होता, पण शेवटच्या बाकापर्यंत पोचला. "त्याला कसं मारलं ते मी सांगतो. कोठीत मारताना रोज तेच मला सांगत असतात."

"चल आत!" साहेब खेकसला.

"थांबा," पलीकडच्या बाकापाशी उभी असलेली एक बाई म्हणाली. "आम्हाला ऐकायचंय." आणि आपल्या मुलाचा हात धरून ती पुन्हा खाली बसली.