आजोबांची मुलाखत, आजोबांशिवाय

विद्यापीठाच्या पत्रकारिता विभागात मी आठवड्यातून एकदा बातमीलेखन शिकवतो. एका सत्रात काम दिलं होतं: घरातल्या एखाद्या वृद्ध माणसाचं ऐका आणि लिहा. एआयला बंदी नव्हती. रेकॉर्डिंग उतरवून घ्या, शुद्धलेखन तपासून घ्या, शेवटी तसं नमूद करा, एवढंच सांगितलं होतं. एक अट मात्र माझी होती. लिहिलेलं त्या माणसाला माझ्यासमोर वाचून दाखवायचं.

हैदराबादच्या नल्लकुंटा भागातल्या एका विद्यार्थिनीनं मजकूर मराठीत दिला. तळाशी नोंद होती: भाषा तपासण्यासाठी एआयची मदत घेतली.

मी तिच्या घरी गेलो. आजोबा इस्त्रीचा सदरा घालून बसले होते. शहरातल्या एका मराठी शाळेत त्यांनी नोकरीभर मराठी शिकवलं. शाळेचा शेवटचा वर्ग त्यांचाच होता, मग शाळा बंद झाली. हे त्यांनी मी चप्पल काढतानाच सांगितलं.

"म्हणजे मुलाखत आज घेणार तर," ते म्हणाले. "मी म्हटलं, विसरली बहुतेक पोरगी."

मला वाटलं, वयोमानानं घोटाळा होत असेल.

"वाच," मी तिला सांगितलं. तिनं फोन माझ्याकडे सरकवला. "सर, तुम्हीच वाचा ना. मराठी बोलायला येतं मला, वाचायला लई टाइम लागतो."

मराठीच्या मास्तरांची नात. मी वाचू लागलो. "समुद्राची गाज ऐकत मी लहानाचा मोठा झालो. आईच्या हातच्या माशांच्या आमटीचा वास आजही माझ्या मनात दरवळतो." असं बरंच होतं. आजोबा मान खाली घालून ऐकत होते, वर्गातल्या मुलाचा निबंध ऐकावा तसे.

"छान आहे," ते म्हणाले. "कुणाचं आहे हे?"

"तुमचंच की, आजोबा."

"माझं? अगं, आपल्या घरात कधी अंडं शिजलं नाही. आणि इथे समुद्र कुठला, हुसेनसागर तलाव?" ते हसले. तीही हसली.

मी तिला विचारलं, आजोबांशी बोललीस का? "एकदा सुरू झाले की थांबतच नाहीत ते, सर. मी एआयमध्ये टाकलं होतं ना सगळं: हैदराबाद, मराठी, रिटायर्ड टीचर. बाकी त्यानं केलं." मग समजुतीच्या सुरात म्हणाली, "मासे काढून बगारा बैंगनची भाजी घालते. समुद्राच्या जागी मुसी नदी. दोन मिनिटांचं काम आहे."

"आणि शेवटचा वर्ग?"

"कुठला शेवटचा वर्ग?"

बातमीदारीत खोटी विधानं माणसांच्या तोंडी घालणारे मी पाहिले आहेत. त्यांना निदान पकडले जाण्याची भीती असे. इथे ज्याचं आयुष्य होतं, तो समोर बसला होता, आणि भीती कुणालाच नव्हती. मला किळस आली. आजोबांच्या पुढच्या बोलण्यानं ती वाढली.

"जाऊ द्या, साहेब. मार्क देऊन टाका. लिहिलंय तर सुरेख. माझ्या गोष्टीत एवढं काही नाही."

नातीच्या मार्कांसाठी त्यांनी दुसऱ्याचं बालपण स्वीकारलं होतं, माशांसकट.

मार्क मी दिले नाहीत. आजोबांचं ऐकून पुन्हा लिही, म्हणालो. "हौ सर," ती म्हणाली आणि लगेच कामाला लागली. फोनवर रेकॉर्डिंग सुरू केलं, फोन स्टुलावर आजोबांसमोर ठेवला. "बोला आजोबा, तो सगळं लिहून घेतो." आणि आत निघून गेली. रेकॉर्डिंग उतरवून घ्यायची परवानगी मीच दिलेली होती.

आजोबांनी सदरा सारखा केला. तिच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. मग फोनकडे वाकून, फळ्यासमोर उभं राहून बोलावं तशा आवाजात म्हणाले, "शेवटच्या वर्गात चार मुलं होती." एवढं बोलून थांबले.

"बाळ," त्यांनी आत हाक मारली, "हा ऐकतोय ना?"

"हौ," आतून आवाज आला. "बोलत राहा."