घरी न न्यायचा प्रसाद

नवस बोलताना माणूस देवाशी किती काटेकोर होतो, याचं मला हल्ली हसू येतं. तेव्हा येत नव्हतं. माझ्या मुलीचा दोनदा गर्भ टिकला नव्हता. तिला तिसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा मी गणपतीला सांगून टाकलं, की बाळ हातात येईपर्यंत संकष्टी निर्जळी करीन, चंद्र दिसेपर्यंत पाणीही घेणार नाही. सांगितलं खरं, पण मन काही निवांत होईना. आधीच्या दोन्ही वेळी मी काय हात जोडले नव्हते? ऐकणारा कोणी आहे की आपण भिंतीशी बोलतोय, असं वाटायचं, आणि तसं वाटलं म्हणून पुन्हा भीती वाटायची.

आम्ही शहापूरला राहतो. खर्डीच्या पलीकडे रानात एक लहानसं धरण आहे आणि त्याच्या तळ्याला वळसा घालून येणारी पायवाट. चढ नाही की घसरण नाही, बोलत बोलत फेरी होते. पाऊस संपून हवा सुखाची झाली होती. त्या संकष्टीला घरात चंद्राची वाट बघत बसण्यापेक्षा बरं, म्हणून आम्ही दोघं तिकडे गेलो. ह्यांचा गुडघा कुरकुरत होता. "तू ये फिरून, मी बगळे बघतो," म्हणून हे धरणाच्या बांधावरच बसले. मी एकटी निघाले.

मला साखरेचा आजार आहे. सकाळी सवयीप्रमाणे गोळी घेतली होती, तीही कोरडी गिळून. गोळीने उपास मोडत नाही, पाण्याने मोडतो, असा माझा कायदा. गोळी घेऊन उपाशी राहिलं की साखर उतरते, हे डॉक्टरांनी बजावलेलं मला पाठ होतं, पण देवाच्या कामात ते लागू नसावं अशी माझी समजूत असणार.

सागाचं रान संपून तळ्याच्या शेपटाशी दलदल लागते. गवत, चिखल, त्यात पाणकोंबड्यांची धावपळ. बांध पुढूनही लांब आणि मागूनही लांब, अशा जागी माझे हात थरथरू लागले. घाम फुटला, पायवाट दोन-दोन दिसू लागली. मोबाइलला रेंज नव्हती. मी मरेन असं मनात आलं, आणि त्याहून आधी आलं ते हे, की काही खाल्लं तर बाळाचं काय होईल.

पुढे एका ऐनाच्या झाडाखाली शेंदूर लावलेला वाघोबाचा दगड आहे, या भागातला राखणदार देव. तिथे एक बाई पानावर फोडलेला नारळ आणि गूळ घेऊन बसली होती. मला बघून ती सरकली.

"बसा बाय, तुमचीच वाट बघत होते."

"माझी?"

"कोणाची बी. वासरू रानात चुकलं होतं, तं मिळालं. वाघोबाचा प्रसाद घरी नेत नाय, इथंच सपवायचा. माझी जाऊ यायची होती, तं ती नाय आली. एकटीनं किती खाऊ?"

"माझा उपास आहे. नवसाचा."

"नवसाचं मी पन जानते," ती म्हणाली. "पन देवाचा प्रसाद पुढं आला तं नाय म्हनू नये. तुमी नाय घेतला तं मी अशीच बसून राहीन."

नको म्हणायला मी तोंड उघडलं होतं. पण मी हात पुढे केला. गूळ जिभेवर ठेवला आणि मला रडू आलं. तिने ते पाहिलं असेल, पण विचारलं नाही. आम्ही दोघींनी मिळून नारळ संपवला, तिच्या बाटलीतलं पाणीही मी प्यायले. हळूहळू हात थांबले, पायवाट एक झाली. तिने पदर झटकला, "बरं झालं आलात, माझी सुटका झाली," म्हणाली आणि शेताच्या बांधावरून निघून गेली. माझं काय झालं होतं ते तिला कळलंच नाही. नाव विचारायचंही राहिलं.

मुलीला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आई, माझ्या बाळापायी तुला काही झालं असतं, तर मी त्याला मांडीवर कशी घेतली असती?"

तिला आता आठवा लागलाय. पुढे काय होणार ते मला ठाऊक नाही, आणि तो गूळ म्हणजे बाळाचं वचन होतं असंही मी समजत नाही. मला त्या वेळी खायला मिळालं, एवढं खरं. आता संकष्टीला मी भगर खाते, गोळी पाण्याबरोबर घेते आणि हात जोडून फक्त सांभाळ म्हणते. बदल्यात काही कबूल करत नाही.

परवा पुन्हा तळ्यावर गेलो. हे बांधावर बसले. मी वाघोबापुढे नारळ फोडला, पानावर गूळ मांडला आणि ऐनाखाली बसून राहिले, कोण येतंय ते बघत.