फ्लॉपीवरचं कुंकू

खंडेनवमीला झेंडूचा वास आला की मी नोकरी करायचे तो कुष्ठरोगाचा दवाखाना मला आठवतो. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. अल्लीपूरकडच्या खेड्यांत कोणाला कोणत्या तारखेला गोळ्या द्यायच्या, ती सगळी यादी मी नव्याकोऱ्या कॉम्प्युटरवर चढवली होती. सायकलवरून गोळ्या वाटणाऱ्या म्हाताऱ्या कर्मचाऱ्याला मी ऐटीत म्हटलंही, "काका, आता वही कशाला?" त्यांनी हसून वही पिशवीत टाकली. त्या खंडेनवमीला मी कॉम्प्युटरची पूजा केली आणि ज्या फ्लॉपीवर यादीची एकुलती एक कॉपी होती, तिच्यावरही भक्तिभावानं हळदकुंकू वाहिलं. पुढच्याच आठवड्यात वीज कडाडली आणि कॉम्प्युटर बंद पडला. दुरुस्त होऊन आला तो कोराच. फ्लॉपी घातली, तर आतल्या चकतीला कुंकू चिकटलेलं. एक अक्षर वाचता येईना. गोळ्यांची तारीख दोन दिवसांवर आली होती. मी रडकुंडीला आले, तेव्हा काकांनी पिशवीतून वही काढली. "मी लिहूनच राह्यलो होतो, बाई. मशीनले काई झालं, तं लोकायनं कोनाकडे पाहाव?" ते वाचत गेले, मी टाइप करत गेले. शेवटचं नाव त्यांनी खाली बघत, हळू आवाजात सांगितलं. ते त्यांचं स्वतःचं होतं. पहिल्यांदा यादी चढवतानाही तेच नाव माझ्या बोटांखालून गेलं होतं. मी ते वाचलंच नव्हतं. आता मी प्रत्येक यादीच्या तीन कॉपी ठेवते, आणि ठेवण्याआधी शेवटच्या नावापर्यंत वाचते.