लेकरांची सतरंजी

"बाळा, ऊठ. तू लेकरांबरोबर बस."

हे माझ्या बापाला म्हटलेलं. बाप तेव्हा पन्नाशीचा. म्हणणारा त्याच्याहून चांगला दहा वर्षांनी लहान.

वाशीत तेव्हा नुकती कुठं वस्ती होत होती. चर्चची इमारत नव्हती. एका शाळेचा हॉल रविवारी सकाळी मिळायचा. पुढं खुर्च्या, मागं सतरंजी. सतरंजी संडे स्कूलच्या मुलांसाठी, असं म्हणायचे. पण आमची मोठी माणसंही तिच्यावरच. आमची म्हणजे जालन्याकडून इमारतींच्या कामावर आलेली. तिकडं आमची घरं गावकुसाबाहेर. आज्यानं बाप्तिस्मा घेतला तो यातून सुटायला. सुटतोय कुठला! आगीतून फुफाट्यात.

त्या आठवड्यात बाबा परांचीवरून पडला होता. गुडघा हा एवढा सुजलेला. बोनकोड्याच्या आमच्या खोलीपासून कसाबसा चालत आला. खाली बसता येईना, म्हणून शेवटच्या रांगेतल्या खुर्चीवर टेकला. खुर्ची रिकामीच होती. प्रार्थना सुरू व्हायच्या आधी चर्चचे सेक्रेटरी मागं आले, बाबाच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, बाळा, ऊठ. गोड बोलले हो, अगदी मधासारखं.

बाबा हसला. "जी साहेब" म्हणाला आणि भिंत धरून खाली उतरला. मी सतरंजीवरच होते, अकरा वर्षांची. सरकून जागा केली. त्यानं पाय लांब केला तर पुढच्या खुर्चीला लागला. खुर्चीतल्या बाईंनी मागं वळून बघितलं. मग बाबानं तो पाय दोन्ही हातांनी उचलून पोटाशी घेतला. दातावर दात दाबलेले.

पहिल्या रांगेत सेक्रेटरींचा मुलगा खुर्चीवर बसला होता. सहा वर्षांचा असेल. त्याचे पाय जमिनीला टेकत नव्हते.

सेक्रेटरींचे आजोबा शास्त्री. हे ते येईल त्याला सांगायचे. ख्रिस्ती होऊन तीन पिढ्या झाल्या, पण शास्त्रीपण काही उतरलं नव्हतं.

येशूनं एका लेकराला मधोमध उभं केलं आणि मोठ्यांना सांगितलं, याच्यासारखे व्हा. ही गोष्ट ऐकून ऐकून आमचे कान किटले. कमिटीत आमचा माणूस का नाही? तर ही गोष्ट. प्रभुभोजनाला आमची रांग शेवटी का? तर पुन्हा हीच गोष्ट. सेक्रेटरी म्हणायचे, तुमची श्रद्धा लेकराची, तुम्ही भाग्यवान, ती जपा, लेकरू कधी प्रश्न विचारत नाही. मला वाटायचं, या माणसानं घरात लेकरू बघितलंय की नाही? लेकरू दिवसभर दुसरं करतं काय? तोंड दाबून बुक्क्यांचा मार, आणि वर म्हणायचं, स्वर्ग तुमचाच आहे.

मी मोठी झाले. तुर्भ्याला औषधाच्या कंपनीत पॅकिंगला लागले. रविवारी संडे स्कूलचा वर्ग माझ्याकडं आला. मुलं सांभाळायला आमची पोरगी चालायची.

त्या वर्षी चर्चला नवे पाळक आले. तरुण होते, भाबडे. त्यांनी जाहीर केलं, वर्षातून एकदा येणाऱ्या मुलांच्या रविवारी मुलं खुर्च्यांवर बसतील आणि मोठी माणसं खाली. तेवढीच नम्रता शिकायची. सगळ्यांनी माना डोलावल्या. सेक्रेटरी तर म्हणाले, फार सुंदर कल्पना.

आणि मला खरं वाटलं. रविवारी लवकर जाऊन सतरंजी झटकली. आणखी दोन मागून आणल्या. खुर्चीवाल्यांची मुलं, आमची मुलं, सगळी खुर्च्यांवर सरमिसळ बसवली. आमची माणसं आली आणि सवयीनं खाली बसली. मग ते लोक आले. मुलांकडं बघून कौतुकानं हसले. सतरंजीकडं बघितलं. आणि एकेक जण भिंतीला लागून उभा राहिला.

सतरंज्या अर्ध्या रिकाम्या. मी सेक्रेटरींजवळ गेले. म्हटलं, "साहेब, बसा ना. जागा आहे."

"आम्ही उभे ठीक आहोत."

सगळी उपासना ते उभे. म्हाताऱ्या बायकासुद्धा. एकीला घाम फुटला, डोळे फिरले, तिला धरून बाहेर नेलं. पण ती खाली बसली नाही. पाळकांचं तोंड उतरलं होतं, तरी उपासना तशीच चालू ठेवली. बाबा मान खाली घालून गात होता. मला रागसुद्धा आला नाही. नुसता थकवा आला. इतकी वर्षं वाटायचं, आमच्यातच काही कमी असेल. कपड्यात, बोलण्यात. आमच्या शेजारी तासभर बसण्यापेक्षा यांना चक्कर येऊन पडणं परवडतं, हे त्या दिवशी कळलं.

उपासना संपल्यावर सेक्रेटरींनी दारात अडवलं. तू वडीलधाऱ्यांचा अपमान केलास, कमिटीपुढं माफी माग, नाहीतर वर्ग दुसरीकडं देतो. लेकरासारखं राहायला शिकवलं तर ही पोर आम्हालाच शिकवायला निघाली, असं चारचौघात बोलले.

मी म्हटलं, "साहेब, तुमचं लेकरू सहा वर्षांचं होतं तेव्हापासून खुर्चीवर बसतं. माझा म्हातारा बाप खाली बसतो. यात लेकरू कोण, ते सांगा."

बाबाच पुढं झाला. माझ्या वतीनं माफी मागितली, तिथल्या तिथं, हात जोडून.

दुसऱ्या दिवशी कंपनीत मैत्रिणीला सांगितलं. ती परभणीची, बौद्ध. म्हणाली, "आमच्या म्हाताऱ्यांनी एकदाच सोडलं नि मोकळे झाले. तुमी अजून कशाला लोकांच्या दारात? सोड की." तिचं खोटं नव्हतं. दिवसभर बाटल्या भरताना तेच डोक्यात.

घरी आले तर बाबानं परत तोच विषय काढला. माफी मागून टाक. मिटव. देव बघतोय.

"बघू दे," म्हटलं. "तू हात जोडलेस, ते तुझं तू केलंस. मी माफी मागणार नाही. आणि चर्चही सोडणार नाही. मी गेले तर त्यांना बरंच आहे. येशू काय यांच्या आजोबांनी विकत घेतलाय? रविवारी मी जाणार आणि वर्ग घेणार. काढायचं असेल तर हाताला धरून काढावं लागेल, सगळ्यांसमोर."

बाबा तोंड फिरवून पडून राहिला.

रविवारी मी गेले.