काटाबाबूंची तब्येत

माजरीच्या कोळशाच्या पट्ट्यात स्वतःच्या पोटावर आमच्या काटाबाबूंइतकं निर्मळ प्रेम करणारा माणूस झाला नाही, आणि यापुढे होईल असं मला वाटत नाही. बाकीचे लोक पोट लपवतात, शर्ट बाहेर काढतात, फोटो काढताना श्वास आत ओढतात. काटाबाबू आधी पोट पुढे पाठवायचे आणि मग मागून स्वतः यायचे. खाणीतून भरून निघणारे ट्रक ज्या काट्यावर तोलले जातात, तो काटा त्यांच्या ताब्यात होता, म्हणून सगळी कॉलनी त्यांना काटाबाबू म्हणायची. बारशातलं नाव बहुधा वहिनींनाच ठाऊक असावं. मी कॉलनीच्या शाळेत मास्तर आणि त्यांचा शेजारी. शाळा सुटल्यावर मी तिकडे डोकावलो की ते मला केबिनमध्ये बसवायचे आणि स्वतः त्या अवाढव्य लोखंडी पाटावर जाऊन उभे राहायचे. मी आकडा वाचायचा. काटा ट्रकांसाठी बनवलेला, दहा किलोंच्या खालचा फरक त्याला कळायचाच नाही, त्यामुळे काटाबाबू थोडेफार चढले तरी आकडा जिथल्या तिथे. "पाहा मास्तर, कुठी वाढलो मी? मशीन झूठ बोलते का?" असं म्हणून ते निश्चिंत मनानं कँटीनकडे, आलूबोंड्याच्या दिशेनं रवाना व्हायचे.

तसं त्यांना एकट्यालाच नावं ठेवण्यात अर्थ नव्हता. नव्वदीच्या त्या वर्षांत सगळी कॉलनीच फुगत चालली होती. काटाबाबू माणसांनाही ट्रकांचीच भाषा लावत. मी 'खाली गाडी', म्हणजे रिकामा ट्रक. आमचे हेडमास्तर 'फुल लोड'. शाळेच्या गॅदरिंगला पहिल्या रांगेत बसलेल्या आईबापांवर नजर फिरवून ते माझ्या कानात म्हणाले, "मास्तर, हे अख्खी लाईन ओव्हरलोड हाये. नाक्यावर एक बी गाडी सुटत नाई." कारणंही त्यांना तोंडपाठ होती. "आमी भरती झालो तवा टोपल्यानं कोळसा वाहत होतो. आता मशीन कोळसा उचलते न आमी खुर्ची गरम करून राह्यलो. पहिले पायी येत होतो, मंग सायकल आली, आता लुना. घरी गेलं का केबल. रातपाळीत जागं राहाले चाय, चायसंग बिस्कीट, न दिवसा झोप येत नाई म्हून पुन्हा खाणं. मानूस फुगन नाई तं काय होईन?" एवढं बिनचूक निदान करून ते कागदातला उरलेला आलूबोंडा उचलत आणि शांतपणे संपवत.

पण हे सगळं झालं तोंडानं सांगायचं कारण. खरं कारण सावली तालुक्याच्या गावापुढे, वैनगंगेच्या काठच्या एका खेड्यात राहत होतं. वडील नदीत जाळं टाकायचे आणि आई मासळीची टोपली डोक्यावर घेऊन गावोगाव फिरायची. जाळं रिकामं आलं की घरात नुसती पेज, आणि पोरांना पुरून उरली तरच ती आईला. त्या माउलीनं पोट सुटलेली माणसं पाहिली होती ती फक्त भरल्या घरांतली. त्यामुळे नोकरी लागल्यावर मुलगा पहिल्यांदा पोट घेऊन गावी आला, तेव्हा तिनं त्याला पाणीसुद्धा पिऊ दिलं नाही; हाताला धरून घरोघर फिरवलं. "पाह्य वं बाई, माह्या पोराची तब्येत!" आमच्याकडे तब्येत म्हणजे अंगावरचं मांस. ज्याच्या अंगावर ते आहे त्याला तब्येत आहे, आणि ज्याच्या नाही त्याला, म्हणजे उदाहरणार्थ मला, तब्येतच नाही.

या एका शब्दानं पुढे घोळ केला. केबिनच्या पायऱ्या चढताना काटाबाबूंना धाप लागायला लागली, तेव्हा वहिनींनी त्यांना दवाखान्यात धाडलं. डॉक्टर नवे होते, पुण्याकडचे. त्यांनी छाती तपासली, गुडघे दाबून पाहिले आणि काळजीनं म्हणाले, "काका, तब्येत सुधारा. असंच चाललं तर हृदय साथ देणार नाही." काटाबाबूंनी गंभीरपणे मान डोलावली आणि घरी येऊन सांगितलं, की डॉक्टरला माझी तब्येत कमी वाटून राह्यली. दुसऱ्या दिवसापासून सकाळी साजूक तुपाचा शिरा, रात्री साय घातलेलं दूध. महिन्याभरानं ते मला सोबत घेऊन, विजयी मुद्रेनं डॉक्टरांपुढे उभे राहिले. डॉक्टरांनी वजन पाहून कपाळावर हात मारून घेतला. "अहो, मी काय सांगितलं होतं?" "तब्येत सुधराले सांगतली ना साहेब? सुधारली!" दोघंही मराठीच बोलत होते, पण दुभाष्याचं काम मला करावं लागलं. तब्येत सुधारायची म्हणजे तब्येत कमी करायची, हे मी समजावलं तेव्हा काटाबाबूंनी आम्हा दोघांकडेही दयेनं पाहिलं. मग डॉक्टरांनी विचारलं, घरी कोण असतं? बायको, पोरगा आणि गावी म्हातारी आई, असं काटाबाबू म्हणाले. "मग वजन उतरवा काका. तिला पोराचं दुःख दाखवू नका," डॉक्टर म्हणाले.

काटाबाबूंनी लुना पोराला दिली आणि स्वतः पायी जायला लागले. ताटातला भात निम्म्यावर आला. आलूबोंड्यासमोरून जाताना ते मान दुसरीकडे वळवत. मला ते बघवत नसे. वर्ष उलटता उलटता त्या ट्रकांच्या काट्यालाही फरक कळला. डॉक्टर खूश झाले, पण कॉलनीत कुजबुज सुरू झाली, की काटाबाबूंना शुगर निघाली, काटाबाबू आता काही खरे नाहीत. ते सगळ्यांना हसून उत्तर द्यायचे. भीती त्यांना एकाच माणसाची होती, आणि तिच्यासाठी त्यांनी गावी जाणंच बंद केलं. "माय मले असा पाह्यन तं वाटन का पोरगा उपाशी हाये. ते सुकून मरन, मास्तर."

शेवटी निरोप आला, की आईला आता धड दिसत नाही, एकदा येऊन जा. वैशाखाचे दिवस, चंद्रपुरात पाखरं पाणी शोधत फिरतात असं ऊन. काटाबाबूंनी दोन बनियनांवर हातविणीचा स्वेटर चढवला, वरून जुना ढगळ सफारी घातला, आणि मला सोबत घेऊन सावलीच्या एसटीत बसले. घामानं निथळत होते, पण गुंडी सोडायला तयार नव्हते. मला हसू येत होतं आणि गलबलूनही येत होतं.

म्हातारी ओसरीत बसली होती. तिनं मुलाच्या पोटावर हात फिरवला, छाती चाचपली, खांदे चाचपले. मग तिनं त्यांचं मनगट धरलं आणि सोडेचना. मनगटाला काही स्वेटर घालता येत नाही.

"बापू, खाले भेटत नाई का तुले?"

"भेटते माय. खूप भेटते."

"मंग?"

"थोडं खातो न बाकीचं राहू देतो. डॉक्टरनं सांगतलं, अशानं जास्त जगीन म्हून."

"भूक असून राहू देतो?"

"हो."

"न घरात असते? उद्याले बी असते?"

"असते माय."

त्या घरात ताटात आलेलं अन्न कोणी आपण होऊन राहू दिलं आहे, असं तिनं कधी पाहिलं नव्हतं. मग तिचा चेहरा हळूहळू उजळला. "म्हंजे लयच मोठा झाला रे तू," ती म्हणाली. "काढ ते सुटर. उकडत असन."

काटाबाबूंनी सफारी उतरवला, स्वेटर काढला आणि लहान मुलासारखे रडले. मी अंगणाकडे पाहत बसलो. म्हातारीनं चाचपडत भाताचं भांडं पुढे ओढलं, पळी भरली, आणि आयुष्यात पहिल्यांदाच हात मध्येच थांबवून मुलाला विचारलं, "किती वाढू रे?"