आमच्या गच्चीचा इंजिनिअर

महाशिवरात्र होऊन चार दिवस झाले होते. सकाळचे नऊ वाजले असतील. अंबडच्या आमच्या घरात मी भिंतीला पाठ टेकवून पेपर वाचत बसलो होतो आणि फोन वाजला. पलीकडे भाचा होता, दिलीप. "मामा, दादा गेले..." एवढंच त्याला बोलता आलं, मग फोन त्याच्या आईनं, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीनं घेतला. आक्का रडत नव्हती. म्हणाली, "चहा मागितला अन् म्या आणेपर्यंत थांबले न्हाईत बघ. कुठं जायचं म्हणलं की ह्यांना कायमचीच जल्दी." फोन ठेवून मी उठलो, तर काय करावं ते सुचेना. बायकोला हाक मारायची, एसटीची वेळ पाहायची, तर ते सोडून मी वळलो आणि भिंतीवर तळहात टेकवून उभा राहिलो. ही सवय माझी नव्हे, दाजींची.

दाजी म्हणजे आक्काचे यजमान. कुंभार पिंपळगावला घर, थोडी कोरडवाहू जमीन, आणि हंगामात अंकुशनगरला साखर कारखान्यात बॉयलरवर काम. शिक्षण सातवीपर्यंत. कुणाच्याही घरी गेले की चपला काढायच्या, आणि पाण्याचा तांब्या पुढं यायच्या आत भिंतीला हात लावायचा. हात तसाच ठेवून मनातल्या मनात दहा मोजायचे. मग म्हणायचे, "ताप न्हाई," किंवा "ताप हाय." आक्काला पाहायला आले तेव्हाही त्यांनी हेच केलं होतं. आमचं गावाकडचं घर मातीच्या जाड भिंतींचं, वर मातीचंच सपाट माळवद. सगळी पाहुणेमंडळी सतरंजीवर बसली आणि हा नवरदेव आपला भिंत चाचपतोय! आमचे वडील नंतर म्हणाले, "पोरगा पोरगी पाहायला आल्ता का भिंत?" दाजींच्या कानावर ते गेलं, तर म्हणाले, "भिंत थंड हाय, म्हणलं माणसंबी थंड असतील." माझ्याशी तोवर त्यांची नीट गाठ पडली नव्हती, नाहीतर असं म्हणाले नसते.

वडील गेल्यावर आईला घेऊन मी अंबडला आलो. शाळेत कायम झालो होतो, कर्ज काढलं आणि घर बांधलं. स्लॅबचं! त्या काळात आमच्याकडं स्लॅब या शब्दाला काय वजन होतं, ते आजच्या पोरांना सांगून पटायचं नाही. मातीचं घर म्हणजे मागासलेपण, आणि स्लॅब पडला की माणूस सुधारला. वास्तुशांतीला हेडमास्तरांसह सगळी शाळा जेवायला. भर दुपार. दाजी आले, चपला काढल्या आणि गेले की हो थेट पश्चिमेच्या भिंतीकडं. दहा मोजून सगळ्यांसमोर म्हणाले, "गुर्जी, घराला ताप हाय. वरनं कायतरी घालावं लागंल." माझं टाळकंच सरकलं. म्हणालो, "दाजी, हे घर आहे. तुमच्या कारखान्याचं बॉयलर नव्हे." सगळे हसले. दाजीसुद्धा हसले आणि पंगतीला जाऊन बसले.

पुढचे दोन उन्हाळे आम्ही त्या घरात कसे काढले ते आमचं आम्हाला ठाऊक. दिवसभर स्लॅब तापायचा आणि सूर्य मावळला की ती सगळी आग आमच्या डोक्यावर सोडायचा. पंखा लावला तर गरम वाराच खाली ढकलायचा. एक कूलर आणला, मग दुसरा आणला. विजेचं बिल आलं की मी ते बायकोपासून, सुमनपासून लपवायचो, ती आईपासून लपवायची, आणि आई कुणापासून काही न लपवता उघड म्हणायची, "एवढी वीज जाळून जीव भाजून घ्यायचा, ही कुठली रे सुधारणा?" एका दुपारी ज्वारी निवडता निवडता ती सुपावरच कलंडली. डॉक्टर म्हणाले, उष्णतेनं झालंय, थंड जागी ठेवा. थंड जागा कुठून आणायची? दुसऱ्या दिवशी आईनं पलंगाखालची ट्रंक ओढली आणि लुगडी भरायला लागली. "मला गावाकडं सोड. मातीत तरी जीव निवंल." गावाकडं तिला पाहणारं कुणीही नव्हतं. मी हातापाया पडून तिला थांबवत होतो आणि ती ट्रंक काही पलंगाखाली जात नव्हती.

त्या वर्षी अधिक ज्येष्ठ आला होता. धोंड्याचा महिना. जावयाला बोलवायचं, जेवू घालायचं, वाण द्यायचं. तसं आईनं दाजींना बोलावलं. पुरणाचे धोंडे, अनारसे, सगळं साग्रसंगीत केलं आणि विचारलं, "जावईबापू, कपडे घेऊ का चांदीचं काही करू?" दाजींनी एकवार ट्रंकेकडं पाहिलं, भिंतीकडं पाहिलं आणि म्हणाले, "मामी, द्यायचंच असंल तर चार दिवस गुर्जींची गच्ची द्या मला." आता धोंड्याच्या महिन्यात जावयाला नाही म्हणायची कुणाची छाती आहे!

दोन दिवसांनी टेम्पो दारात. त्यात काय, तर मडकी! पिंपळगावच्या कुंभाराकडची, भट्टीत तडकलेली, कुणी विकत घेणार नाही अशी, उसाच्या पाचटात बसवून आणलेली. सगळी गल्ली पाहायला जमली. दाजींनी धोतर खोचलं आणि घमेलं डोक्यावर घेतलं. आईचा जीव खालीवर. "अगं बाई, जावयाच्या डोक्यावर घमेलं! लोक शेण घालतील तोंडात." दाजी जिन्यातूनच ओरडले, "मामी, धोंड्यात जावई म्हंजे देव ना? मंग देवाला अडवू नका." त्यांनी सगळी मडकी गच्चीवर पालथी मांडली, एकाला एक लावून. मधल्या फटींत विटांचे तुकडे आणि माती दाबली, वरून चुन्याचा जाड थर दिला आणि घोटून पांढराफेक केला. पश्चिमेच्या खिडकीबाहेर कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्यांचा कूड बांधला. मी खाली उभा राहून नाक मुरडत होतो. मला म्हणाले, "गुर्जी, बॉयलरला आमी जाड गोधडी घालतो, आतली आग बाहीर जाऊ नये म्हणून. तुमच्या घराला उलटी घालून राह्यलो, बाहीरची आत येऊ नये म्हणून. मडक्याच्या पोटात हवा कोंडून बसती. ती हवाच गोधडी."

एक चूक मात्र त्यांनी केली, आणि ती ऊस-गुळाच्या मुलखातला माणूसच करू जाणे. चुना धरून राहावा म्हणून त्यात थोडा गूळ घालतात. दाजींचा हिशेब असा, की थोडा गूळ थोडं धरतो तर जास्त गूळ जास्त धरंल. अख्खी ढेप विरघळवली. मग काय विचारता! चौथ्या दिवशी साऱ्या अंबडच्या मुंग्या आमच्या गच्चीवर. तिथून रांगा लावून भिंतीवरून खाली, खिडकीतून स्वयंपाकघरात, साखरेच्या डब्यात. सुमन हळदीच्या रेघा ओढून ओढून दमली आणि जे तोंडाला येईल ते बोलली. दाजी जराही ओशाळले नाहीत. म्हणाले, "मुंग्यांनी पास केलं म्हंजे काम पक्कं."

मुंग्या पंधरा दिवसांत गेल्या. आणि घर... काय सांगू! थंडगार झालं असं म्हणत नाही, पण दुपारी घरात बसवू लागलं. दुसरा कूलर मी बंद करून ठेवला तो ठेवलाच. आईनं एक दिवस आपणहून ट्रंक पलंगाखाली ढकलली. ती पुढं अकरा वर्षं माझ्याजवळ राहिली आणि याच घरात, पश्चिमेच्या त्याच भिंतीशी अंथरूण घालून, शांतपणे गेली. मला दाजींनी काय दिलं, तर माझी आई दिली. हे आज लिहितोय. तेव्हा तोंडातून निघालं नाही.

निघालं ते दुसरंच. बिल निम्म्यावर आलं, तसा मीटर पाहायला येणारा माणूस एका सकाळी संशय घेऊन दारात उभा. "मास्तर, मीटरला काही केलं तर नाही ना?" माझ्या शाळेतले दोन मास्तरही तेव्हा आलेले होते, त्यांनाही हेच विचारायचं असावं. मी त्यांना गच्चीवर नेलं, सगळं दाखवलं. "ही कल्पना कुणाची?" असं त्यातल्या एकानं विचारलं आणि मी बोलून गेलो, "औरंगाबादचे एक इंजिनिअर आहेत ओळखीचे. त्यांनी सांगितलं." खाली आलो तर दाजी बैठकीत चहा पीत बसलेले. गच्चीवरचं बोलणं जिन्यातून सगळं खाली ऐकू येतं, हे मला माहीत होतं. मीटरवाल्यानं त्यांनाही विचारलं, "काका, तुम्ही पाहिलं का त्या इंजिनिअरला?" दाजींनी बशी खाली ठेवली. म्हणाले, "व्हय तर. लई हुशार माणूस हाय त्यो." आणि माझ्याकडं पाहून हसले. टोमणा नव्हता हो त्यात. टोमणा असता तर बरं झालं असतं.

त्यानंतर मी ते कधीच दुरुस्त केलं नाही. उलट कुणी विचारलं की तोच इंजिनिअर पुढं करायचो. दरवर्षी त्याचं शिक्षण वाढत गेलं, एकदा तर मी त्याला परदेशीही पाठवून आणला. सातवी पास जावयानं मास्तरला शहाणपण शिकवलं, हे चारचौघांत सांगायला माझी जीभ रेटायची नाही. मुलांना सत्याचे धडे शिकवणारा माणूस मी!

तीन-चार वर्षांपूर्वी दिलीपनं पिंपळगावचं जुनं मातीचं घर पाडून स्लॅबचं बांधायला काढलं. एक दिवस दाजी खास एसटीनं माझ्याकडं आले. भिंतीला हात लावला, पाणी प्यायले आणि म्हणाले, "गुर्जी, दिलीपला सांगा ना जरा. मडकी घाल म्हणलं तर म्हणतो, दादा, लोक हसतील. माझं म्हंजे अडाण्याचं बोलणं. तुमी त्याला त्या औरंगाबादच्या इंजिनिअरचं नाव सांगा. मंग ऐकंल." स्वतःची अक्कल ते माझ्या खोट्या माणसाच्या नावावर करून द्यायला आले होते. मी म्हणालो, सांगतो. दिलीपला फोन केला, इंजिनिअरचं सांगितलं. तो पोरगा चांगला, लगेच म्हणाला, "मामा, बिलकुल घालू. त्यांचा नंबर द्या, मीच बोलतो." आता नसलेल्या माणसाचा नंबर कुठून आणायचा? शोधून सांगतो म्हणालो. पुन्हा फोन केला नाही. स्लॅब तसाच उघडा राहिला.

गेल्या मे महिन्यात पिंपळगावला गेलो होतो. भारनियमन चालू. घरात दोन कूलर, तीन पंखे, आणि सगळे मुके. दाजी दारासमोरच्या कडुलिंबाखाली डोक्यावर ओला टॉवेल घेऊन बसलेले. आक्का शेजारी पदरानं वारा घालत होती. मी म्हणालो, "दाजी, आत का बसत नाही?" "आत ताप हाय," म्हणाले, "उतरंल सांजच्याला." मग म्हणाले, "गुर्जी, जी वीज लागतच न्हाई तिचं बिल येत न्हाई, अन् तिचं भारनियमनबी व्हत न्हाई. दिलीपला कळंल कवातरी." मी मान हलवली. त्याच वेळी दिलीप विहिरीकडून समोर येत होता. दहा पावलांवर होता. मी काहीच बोललो नाही... ती आमची शेवटची भेट.

तेराव्याला पंगत उठल्यावर मी दिलीपला बोलावलं आणि सगळ्या पाहुण्यांसमोर सांगितलं. औरंगाबादचा कुणी इंजिनिअर नव्हता, कधीच नव्हता, माझं घर तुझ्या बापानं थंड केलं आणि मी ते वीस वर्षं खाऊन बसलो. दिलीप जमिनीकडं पाहत म्हणाला, "मामा, हे तुमी तवाच बोलले असते तर..." पुढचं वाक्य त्यानं गिळलं. ते मला रोज ऐकू येतं. आक्का आतून म्हणाली, "मला माहीत व्हतं. घरी येऊन लई हसले व्हते. म्हणले, गुर्जीला आज एक इंजिनिअर करून दिला म्या." हे ऐकून मला जरा हलकं वाटायला हवं होतं. मला हुंदका आवरला नाही.

पाडव्याच्या आधी दिलीपच्या गच्चीसाठी कुंभाराकडून तडकलेली मडकी आणली. यंदा ज्येष्ठात पुन्हा अधिक येतोय. वाण द्यायला आता जावई नाही, म्हणून मडक्यांचं पहिलं घमेलं मीच डोक्यावर घेऊन जिना चढलो. दिलीपनं मांडणी केली, मी चुना कालवला. गूळ बेतानं मूठभर घातला, तर आक्का येऊन म्हणाली, "अजून घाल." म्हणालो, "आक्का, मुंग्या येतील." "येऊ दे," ती म्हणाली.

काम उरकलं तेव्हा दुपार कलली होती. वीज गेलेली होती. आम्ही खाली आलो. आक्का चप्पल काढून आत गेली, पश्चिमेच्या भिंतीशी उभी राहिली आणि तिनं तळहात टेकवला. तिचे ओठ हलताना मला दिसत होते. दहा मोजून झाल्यावरही तिनं हात काढला नाही.

"ताप हाय अजून," ती म्हणाली. "उतरंल."