पंचविसावा महिना

आईने अमेरिकेत दिलेलं पहिलंवहिलं मत बाद व्हावं म्हणून एक वकील हट्टाला पेटला होता. कारण एवढंच, की तिने तारीख आपल्या पद्धतीने लिहिली होती.

आम्ही पेनसिल्वेनियात राहतो. ते साथीचं वर्ष, म्हणून आईने पोस्टाने मत पाठवलं. मतपत्रिका एका पाकिटात, ते पाकीट दुसऱ्या पाकिटात, आणि बाहेरच्या पाकिटावर सही आणि तारीख. आई सांगलीच्या एका शाळेत गणित आणि नागरिकशास्त्र शिकवायची. तिने आधी पंचवीस लिहिले, मग दहा, मग साल, आणि फळ्यावर मारायची तशा तारखेखाली दोन रेघा मारल्या. इथल्या रीतीने वाचलं तर ती तारीख पंचविसाव्या महिन्यातली झाली.

निकाल लागला. माझा उमेदवार जिंकला. हरलेल्याला ते मान्य नव्हतं आणि त्याचे वकील राज्याराज्यांत पसरले. इथली मोजणी थांबवा, तिथली पुन्हा करा, अमक्या ठिकाणच्या निकालावर शिक्कामोर्तबच करू नका. आमच्या राज्यात दोघांतला फरक फार नव्हता, त्यामुळे आमच्याकडे त्यांचा मुक्काम लांबला. पोस्टाने आलेली मतं जितकी बाद होतील तितकी त्यांना हवी होती. कुठे सही नीट नाही, कुठे पत्ता नाही, कुठे तारीख चुकलेली. मी सकाळ-संध्याकाळ टीव्हीसमोर बसून दात-ओठ खात होतो. शेजारच्या राज्यातला माझा मित्र फोनवर म्हणायचा, "चिल कर यार, कोर्टात काही टिकणार नाहीये. तू कशाला बीपी वाढवतोस?"

मग मतदारांना मदत करणाऱ्या एका संस्थेच्या स्वयंसेविकेचा फोन आला. आईचं पाकीट हरकत घेतलेल्या पाकिटांत होतं. सुनावणी सगळ्यांना खुली आहे, यायचं तर या, असं तिने सांगितलं.

कॉलेज बंद म्हणून घरी बसलेली माझी मुलगी हसत सुटली. "आजी! मंथ फर्स्ट! एव्हरीबडी नोज दॅट!"

"आधी महिना, मग दिवस, मग वर्ष," आई म्हणाली. "चढता नाही, उतरता नाही, कुठलाच क्रम नाही. हा काय नियम झाला?"

पण जेवताना ती नेहमीसारखी बोलत नव्हती. इथलं नागरिकत्व घ्यायचं ठरवायला तिने बरीच वर्षं घेतली होती. भारताचा पासपोर्ट कोपरा कापून आणि रद्दचा शिक्का मारून परत आला तेव्हा तिने तो कपाटात साड्यांच्या खाली ठेवला, आणि पुन्हा कधी काढला नाही. एवढं करून नागरिकत्व कशाला, असं मी विचारलं होतं. ती म्हणाली होती, "जिथे मत नाही तिथे माणूस पाहुणा. मुलाच्या घरी असली तरी पाहुणीच." आता ते मतच अडकलं होतं. तिथलं गेलं आणि इथलं मिळालं नाही, असं ती भात कालवताना एकदाच म्हणाली. मला त्या वकिलाची मान धरावीशी वाटली.

त्या आठवड्यात मी घरात तावातावाने भाषणं दिली. लोकशाही, घटना, प्रत्येक मताची किंमत, काही सोडलं नाही. आई वाटाणे सोलत ऐकायची. एकदाच म्हणाली, "दावा लावायचा हक्क आहे की त्याला. न्यायाधीश काय म्हणतात ते ऐकायचं आणि गप्प बसायचं. शाळेत हेच शिकवलं मी."

"आई, ते लोक तुझं मत फेकून द्यायला निघालेत!"

"कळतंय मला," ती म्हणाली.

सुनावणीला ती ठेवणीतली साडी नेसून आली, वरून माझा जुना जाड कोट आणि तोंडाला मास्क. लांब लांब मांडलेल्या खुर्च्यांवर मोजकी माणसं. समोर निवडणूक मंडळाचे तीन सभासद. पाकिटं एकेक करून पडद्यावर दाखवत होते, नावं झाकलेली. आईचं पाकीट आलं ते मी लगेच ओळखलं. तारखेखाली दोन रेघा होत्या. आईने माझ्या हातावर हात ठेवला.

वकील तरुण होता, चुणचुणीत. आवाज न चढवता बोलला. कायद्यात तारीख लिहा म्हटलंय, कॅलेंडरात पंचविसावा महिना नाही, म्हणजे या पाकिटावर तारीखच नाही, आणि ज्यावर तारीख नाही ते मोजता येत नाही. दुसऱ्या बाजूची वकीलबाई म्हणाली की निम्मं जग तारीख अशीच लिहितं आणि पाकीट मुदतीत पोचल्याची नोंद कार्यालयाकडेच आहे.

"मुद्देसूद बोलतो पोरगा," आई माझ्या कानात म्हणाली. मी तिच्याकडे रागाने पाहिलं.

मंडळातल्या दोघांनी मोजा म्हटलं, एकाने नको म्हटलं. मत मोजायचं ठरलं. वकिलाने मान खाली घालून काहीतरी लिहिलं आणि पुढचं पाकीट मागितलं. पुढे ते लोक वरच्या कोर्टात गेले, तिथेही काही हाती लागलं नाही, पण त्या दिवशी आम्हाला एवढं पुरेसं होतं. आईने डोळे पुसले.

गाडीत बसल्यावर मी नुसता सुटलो. "बघितलंस? एवढा सूट घालून आला, एवढा कायदा झाडला, तुझं एक मत पाडता आलं नाही त्याला!"

"बिचारा," आई म्हणाली.

"बिचारा? का?"

"त्याच्याच माणसाला दिलं होतं मी."

आमच्या घरात मत हा विषय कायम बंद असायचा. बाबा प्रत्येक निवडणुकीनंतर विचारायचे, कुणाला दिलंस, आणि ती प्रत्येक वेळी म्हणायची, गुप्त मतदान आहे. इतक्या वर्षांत तिने हे कुणाला सांगितलेलं मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

"का पण?" मी विचारलं. माझा आवाज चढला होता.

"ते गुप्त."

पुढे लाल सिग्नल लागला. मी दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरून बसलो. आठवडाभर घसा बसेपर्यंत मी या मतासाठी भांडलो होतो, आणि हे मत कुणाचं असेल हे विचारायचीही मला गरज वाटली नव्हती. आई खिडकीबाहेर बघत होती. मग शांतपणे म्हणाली, "आता तुला वाटतंय ना, तो पोरगा जिंकला असता तर बरं झालं असतं?"

"छे! काहीतरीच काय!"

"आरशात बघ."

मी समोरच्या आरशात पाहिलं. मास्क काढायचा राहिला होता, त्यामुळे फक्त डोळे दिसत होते. तेवढे पुरले.